पस्तीस गुणांच्या अलीकडे

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा वसतिगृहातील आठवणीच लिहाव्यात असे प्रथम मनात आले. पहाटेची वंदना, थंड पाण्याची आंघोळ, लोखंडी पेटी, रविवारच्या श्रमदानाची पाळी. परंतु हे सारे माझ्याबरोबर शिकलेले बंधू माझ्यापेक्षा सरस लिहितील. मी आठवीपासून दहावीपर्यंत येथे राहिलो, पुढे इतिहासात एम. ए. व नंतर बी. एड. केले आणि बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या एका माध्यमिक शाळेत रुजू झालो. येथे जे मिळाले ते तेथील मुलांपर्यंत पोहोचवताना मला काय साधले आणि काय साधले नाही, याचा हिशेब मांडणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुले ऊसतोड कामगारांची. ज्यांच्या घरी चार पैसे आहेत, त्यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसून तालुक्याला जातात. उरलेली आमच्याकडे येतात: बौद्ध वस्तीतील, तांड्यावरील, मांगवाड्यातील, आणि कोरडवाहू दोन एकरांवर न भागणाऱ्या मराठा व वंजारी घरांतील. मी रुजू झालो तेव्हा गणिताच्या शिक्षकाचे पद रिक्त होते आणि इंग्रजीचे शिक्षक बदलीच्या प्रतीक्षेत होते. इतिहासाचा माणूस म्हणून आलेला मी दुसऱ्याच महिन्यापासून नववीला बीजगणित शिकवू लागलो. दिवाळी झाली की टोळ्या निघत. ट्रॅक्टरच्या मागे भांडी, शेळ्या, म्हातारी आणि मुले. वर्गात बाकांच्या अर्ध्या रांगा रिकाम्या होत, त्या मार्च-एप्रिलपर्यंत भरत नसत.

तरीही दहावीचा निकाल वाईट लागत नसे. तो कसा लागत असे, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. यात माझाही वाटा आहे, तो लपवणार नाही. आरंभीच्या एका वर्षी परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून उभा असताना खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आणि तोंड दुसरीकडे वळवले. गरिबाची लेकरे आहेत, पुढे जाऊ द्यावीत, अशी माझ्या मनाची समजूत मी घातली होती. त्या वर्षी सर्वच शाळांचे निकाल उत्तम लागले. आमच्या गावात शिक्षकांना शाल व श्रीफळ देण्यात आले. मीही ती शाल घेतली.

वर्षभरानंतर आमच्याच शाळेतून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली एक मुलगी माझ्या घरी आली. बँकेत खाते उघडायचे होते. हातात अर्ज होता. “सर, एवढा भरून द्या ना,” ती म्हणाली. मी म्हटले, तूच भर, मी शेजारी बसतो. तिने पेन हातात घेतले आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. ‘वारसदाराचे नाव’ हे शब्द तिला जोडून वाचता येत नव्हते. शेवटी ती हसली. ते हसणे मला आजही आठवते, कारण तिला लाज वाटत होती आणि ती माझ्यासाठी झाकत होती. तिच्या गुणपत्रिकेवर जे लिहिले होते ते असत्य होते आणि त्या असत्याचा एक साक्षीदार मी होतो.

या संस्थेत पंचशील आम्ही रोज म्हणत असू. जे दिलेले नाही ते घेऊ नये आणि असत्य बोलू नये, ही दोन शीले मी पाठ केली होती. परीक्षेच्या दालनात एकाच वेळी ती दोन्ही मोडली जातात, हे मला त्या दिवशी कळले. मोडणारी मुले नव्हती. मोडणारे आम्ही होतो. मुलांना तर आपले काय हिरावले जात आहे याचा पत्ताही नव्हता.

एम. ए.च्या काळात मी बाबासाहेबांची मुंबई विधिमंडळातील भाषणे वाचली होती. मार्च 1927 मधील शिक्षण-अनुदानावरील भाषणात त्यांनी सरकारी अहवालाच्या आधारे सभागृहापुढे एक आकडा ठेवला आहे: प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. शाळा किती उघडल्या आणि पटावर मुले किती, एवढ्यावर सरकार समाधान मानत होते. बाबासाहेबांनी मधल्या मधे नाहीशा झालेल्या मुलांचा हिशेब मागितला. तरुणपणी हा आकडा मी टिपणवहीत उतरवून घेतला होता आणि विसरून गेलो होतो.

त्या मुलीच्या भेटीनंतर मी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर काढले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुने दप्तर चाळण्याची सवय असते. एका वर्षी पाचवीत दाखल झालेल्या मुलांची नावे घेऊन त्यातील दहावीच्या परीक्षेला किती बसली हे पाहत गेलो. 52 नावांतून 27 उरली. बाकीच्यांपुढे ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांसोबत स्थलांतर’ असे शेरे होते; काही मुलींपुढे काहीच नव्हते, त्यांचे लग्न झाले होते हे आम्हाला माहीत होते. आमच्या निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढली जात होती. जी बसलीच नाहीत ती कोणत्याही छेदात नव्हती. सत्याऐंशी वर्षांपूर्वीचा प्रश्न माझ्या टेबलावर उघडा पडला होता.

पुढच्या जूनमध्ये नववीच्या प्रत्येक मुलाला मी एकेकटे बोलावले आणि चौथीच्या पुस्तकातील एक उतारा वाचायला दिला. निम्म्याहून थोडी कमी मुले अक्षरे जुळवीत अडखळत होती. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाला दोष देण्याची आम्हा शिक्षकांना सवय झाली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वर्गात रोखू नये असे सांगितले, हे खरे. परंतु त्याचबरोबर त्याचे सातत्याने मूल्यमापन करावे आणि जे येत नाही ते शिकवावे असेही सांगितले होते. मूल्यमापनाच्या नोंदवह्या आम्ही सत्राच्या अखेरीस एका बैठकीत भरून टाकत होतो. अर्धा कायदा आम्ही पाळला आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कायद्यालाच बोल लावत राहिलो.

मुख्याध्यापिका बाईंपुढे मी रजिस्टर आणि वाचनाच्या नोंदी ठेवल्या. त्यांनी फार बोलणे केले नाही. दुसऱ्या दिवसापासून पहिली तासिका सर्व वर्गांसाठी वाचनाची ठरली. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पायरीनुसार केले. नववीचा मुलगा सहावीच्या मुलीशेजारी बसणार म्हणजे त्याला ओशाळे वाटणार, म्हणून शिक्षकांनीही आपापला गट घेऊन जमिनीवर बसायचे असे ठरवले. वाचणाऱ्याला मध्येच टोकायचे नाही, एवढाच नियम. मुलाचे वाचन शेवटपर्यंत ऐकून घेणे हे शिकवण्यापेक्षा कठीण आहे, असा माझा अनुभव आहे.

गणितात अडचण बीजगणिताची नव्हती. अपूर्णांक, दशांश आणि भागाकार हेच कच्चे होते. मी उसाकडे वळलो. कारखान्याच्या वजनाच्या पावतीवरील टन, टनामागचा दर, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि हंगामाअखेरची फेड, ही उदाहरणे फळ्यावर मांडू लागलो. दशांशचिन्हाची जागा चुकली की बापाच्या किती दिवसांच्या मजुरीचा फरक पडतो, हे मुलांना सांगावे लागले नाही. एका मुलीने सुटीत घरच्या पावत्या जमवून हिशेब मांडला, तेव्हा मुकादमाच्या वहीतील आकडा आणि तिचा आकडा जुळेना. तिचे वडील वही घेऊन शाळेत आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “सर, हिचंच बरोबर निघालं.” मुकादमाने पूर्ण रक्कम दिली नाही, थोडी दिली. पण त्या वर्षी त्या मुलीला ते फडावर घेऊन गेले नाहीत. आजीपाशी ठेवून गेले.

मुलांना गावात ठेवणे, हाच खरा प्रश्न होता. दसऱ्याच्या आधी आम्ही घरोघर फिरलो. कोण कोणाच्या घरी राहील, कोणाला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल, याची यादी केली. संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी बौद्ध वस्तीतील तरुणांनी विहार उघडून दिला. तेथे दिवा होता, स्वच्छता होती, शांतता होती. पहिल्या आठवड्यात केवळ आपलीच मुले आली. इतर घरांतून निरनिराळी कारणे ऐकू आली. खरे कारण कोणी बोलले नाही आणि आम्हाला ते विचारण्याची गरजही नव्हती. वर्ग शाळेच्या व्हरांड्यात न्यावा असे मी सुचवले, तेव्हा तरुण दुखावले. आपण विहाराचे दार उघडायचे आणि त्यांनी यायचे नाही, मग आपण का नमायचे, हा त्यांचा सवाल रास्त होता. माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. ते वस्तीतील एका वृद्ध उपासिकेने दिले: “दिवा कुठंबी लावा रं, पोरं बसली म्हंजे झालं.” वर्ग व्हरांड्यात गेला. तिसऱ्या वर्षी शाळेच्या दुरुस्तीमुळे व्हरांडा बंद होता, तेव्हा सर्व मुले विहारात आली. त्या वेळी कोणी काही बोलले नाही. वाद घालून जे घडले नसते ते थांबण्याने घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु थांबण्याची किंमत नेहमी एकाच बाजूने मोजली, हेही नोंदले पाहिजे.

मग परीक्षा आली. डिसेंबरच्या पालकसभेत आम्ही स्पष्ट सांगितले की यंदा आमच्याकडून कोणालाही कोणतीही मदत होणार नाही, आणि भिंतीबाहेर कोणी उभे राहिले तर आम्ही स्वतः जाऊन उठवू. निकाल घसरला, आणि बराच घसरला. गावातील एका वजनदार गृहस्थांनी आमची बदली करण्याची भाषा केली. एक बाप शाळेच्या दारात येऊन म्हणाला, “तुमच्या खरेपणापायी माझ्या लेकराचं वाटुळं झालं.” त्याचा मुलगा गणितात सात गुणांनी राहिला होता. जुलैच्या परीक्षेसाठी मी त्याला रोज घरी बोलावले. तो आठ दिवस आला, मग येईनासा झाला. दिवाळीनंतर तो कोयता घेऊन फडावर गेला. आधीच्या वर्षी परीक्षेला बसला असता तर तो उत्तीर्ण झाला असता, हे मला माहीत आहे. ज्या मुलाची तयारी आम्ही चार वर्षे आधी सुरू करायला हवी होती, त्याच्यावर आम्ही आमचा प्रामाणिकपणा एका वर्षात लादला. निर्णय योग्य होता असे मी आजही मानतो. त्याचे मोल मात्र त्या मुलाने दिले, मी दिले नाही. एसटी स्थानकावर तो कधी भेटतो, “जय भीम सर” म्हणतो. मी त्याच्या हाताकडे पाहतो.

त्यानंतर निकाल हळूहळू चढत गेला. तो अद्याप शंभर टक्क्यांवर गेलेला नाही आणि त्याची मला खंत नाही. मी दरवर्षी दुसराच आकडा पाहतो: पाचवीच्या यादीतील किती नावे दहावीपर्यंत उरली. 52 पैकी 27 येथून सुरू झालेला तो हिशेब अलीकडच्या एका तुकडीत 48 पैकी 39 वर आला. राहिलेल्या 9 जणांची नावे मला पाठ आहेत.

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. मराठवाड्यासाठी त्यांनी 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले. शाळेचे दार उघडून भागत नाही, मुलाला राहायला, जेवायला आणि बसून अभ्यास करायला जागा लागते, हे वसतिगृहामागचे त्यांचे मर्म होते. आपली संस्था त्याच परंपरेतील आहे. ती नसती तर मीही कोणत्या तरी रजिस्टरमध्ये ‘सतत गैरहजर’ असतो.

येथे आठवीत असताना मलाही नीट वाचता येत नव्हते. आमचे अधीक्षक गुरुजी रात्री कंदिलाची वात वर करून मला शेजारी बसवत आणि मी अडखळत असताना एक शब्दही बोलत नसत. नंतर फक्त एवढे म्हणत, “उद्या याच्या पुढचे पान.” माझ्या शाळेतील वाचनाची तासिका म्हणजे त्या कंदिलाची उशिरा केलेली परतफेड आहे.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना एक विनंती करतो. आपण संस्थेला पंखे दिले, ताटे दिली, इमारतीला हात लावला. हे दान थोर आहे. परंतु आपापल्या गावातील सरकारी शाळेत महिन्यातून एक दिवस जावे, एका मुलाला शेजारी बसवावे आणि त्याचे वाचन न टोकता शेवटपर्यंत ऐकावे. महिन्याने पुन्हा जावे आणि पुढचे पान विचारावे.

संस्थेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना. जय भीम.