पात्यावरचं साल

चाकणचा कांदा चाकूची जात ओळखतो. आजच्या चकचकीत स्टेनलेसच्या पात्याने तो कितीही चिरा, पातं पुसलं की पुन्हा कोरं. जुन्या कार्बन पोलादाच्या पात्यावर मात्र पहिल्या दोन-चार कांद्यांतच निळसर झाक चढते. ती हळूहळू राखाडी होते, पाठीकडे जांभळी पडते, आणि वर्षानुवर्षं हाताखाली राहिलेल्या चाकूचं सगळं पातं आषाढातल्या आभाळाच्या रंगाचं होऊन जातं. कांद्यातली गंधकाची द्रव्यं आणि आंबट रस पोलादाला लागतात, त्याची ही करणी. हा रंग डाग समजून घासू नये. तो नीट बसला की तांबड्या गंजाला सहजी शिरकाव मिळत नाही.

माझ्या आजोबांचा घडीचा चाकू अशा रंगाचा आहे. पात्याच्या बुडाशी एक चांदणी आणि एक क्रूस कोरलेला. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची ही खूण. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी 75 पात्यांचा प्रचंड ‘नॉरफोक नाइफ’ बनवणारी हीच पेढी. तिची साधी शिंगाच्या मुठीची खिशातली हत्यारंही शेफील्डहून बोटीने हिंदुस्थानात येत. पेढीचा मूळ कारखाना विसाव्या शतकातच मिटला. चाकू मात्र बंडीच्या खिशातून चाकणच्या बाजारात फिरत राहिला. गोणीच्या तोंडाची सुतळी, दाव्याचं विसविशीत टोक, तंबाखू, ऊस, पाडाचा आंबा – आजोबांनी त्याला कुठलंच काम हलकं मानू दिलं नाही.

तो उघडताना नेमकं काय होतं ते सांगतो, कारण या वस्तूचा सगळा जीव तिथे आहे. पात्यावर नखासाठी एक चंद्राकार खाच असते. नख घालून ओढलं की आधी विरोध जाणवतो: मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी पात्याचं बूड दाबून धरते. थोडं पुढे गेलं की पट्टी वाकते, बोटाला तिचा ताण कळतो, मग अचानक तीच बाजू बदलते आणि पातं स्वतःहून पुढे झेपावतं. टक्! शौकीन मंडळी घडीच्या चाकूची परीक्षा करतात ती या चालीवरून आणि या आवाजावरून. पाऊणशे वर्षं वापरलेल्या चाकूचा आवाज अजून खणखणीत असेल, तर ती पट्टी कुणीतरी मोठ्या जाणकारीने तापवून, विझवून, पुन्हा बेताने ऊब देऊन तयार केलेली असते. मी टूल रूममध्ये काम केलेला माणूस आहे. हार्डनिंग आणि टेम्परिंगमध्ये किती थोडक्यात माल वाया जातो हे मी पाहिलंय, म्हणून त्या अनोळखी कारागिराबद्दल मला फार आदर वाटतो.

दुसरा चाकू पुण्याच्या जुन्या बाजारात सापडला. बुधवारी आणि रविवारी तिथे भंगार आणि मौल्यवान माल एकाच गोणपाटावर मांडलेला असतो. नळाच्या तोट्या आणि कुलपं यांच्या ढिगात अ‍ॅल्युमिनियमची खरबरीत मूठ दिसली, तिच्यावर लाल ढाल आणि पांढरा क्रूस. स्विस सैनिकाला मिळणारा चाकू, 1961 चं मॉडेल, 93 मिलिमीटर लांबीचा. मोठं पातं, टोचा, डबा उघडण्याचं आणि बाटलीचं टोपण काढण्याचं अवजार, बस्स. दुकानांत विकल्या जाणाऱ्या लाल चाकूंचा पसारा यात नाही. पातं स्टेनलेसचं, त्यामुळे कांद्याला ते दाद देत नाही. पण त्याच्या बुडाशी दोन आकडे ठोकलेले आहेत: 71. ज्या वर्षी चाकू सैन्यासाठी बनला त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे. सैनिक नोकरी संपल्यावर हा चाकू स्वतःकडेच ठेवतो, म्हणून असे चाकू जगभर पांगले.

2008 साली स्विस सैन्याने नवा 111 मिलिमीटरचा, करवत असलेला आणि एका हाताने उघडणारा चाकू निवडला, आणि 61 चं मॉडेल थांबलं. त्याच घडणीचा नागरी चाकू आजही मिळतो. तरी शौकीन शोधतात तो सालवालाच. कोणी आपल्या जन्मसालाचा शोधतो, कोणी 61 पासूनची अख्खी रांग लावायला बघतो. त्यातही व्हिक्टोरिनॉक्सचा आणि वेंगरचा असे दोन पंथ, कारण सैन्याला चाकू पुरवणारे कारखाने दोन होते. वेंगर 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सकडे गेली आणि पुढे तिच्या नावाचे चाकूच थांबले. तेव्हापासून वेंगरचा शिक्का असलेल्या चाकूची संख्या फक्त घटू शकते. संग्राहकाच्या ओढीचं मूळ मला इथेच दिसतं.

‘उत्पादन बंद’ हे शब्द आमच्या चाकण-भोसरीच्या कारखानदारी पट्ट्यात सगळ्यांना कळतात. एखादं मॉडेल थांबतं आणि त्याच्यासाठी बनवलेले डाय, फिक्स्चर, गेज एका फटक्यात निकामी होतात. 1972 साली आलेली बजाजची चेतक स्कूटर 2006 च्या सुमारास बंद झाली. 2019 मध्ये चाकणच्या कारखान्यातून विजेवर चालणारी चेतक बाहेर पडू लागली, पण जुन्या चेतकवर जीव असणाऱ्यांनी आपली किक मारायची गाडी विकली नाही. ते तिची केबल बदलतात, कार्बोरेटर साफ करतात आणि आठवड्यातून एकदा तरी ती रस्त्यावर काढतात. चाकूच्या बाबतीत माझं मतही तेच आहे.

संग्राहकांत एक कडवा वर्ग आहे. त्याला चाकू कोरा हवा: धार न लावलेला, मूळ खोक्यातला, शक्यतो न उघडलेला. प्रत्येक वेळी धार लावताना पातं केसभर झिजतं आणि किंमत उतरते, हे त्यांचं गणित बरोबर आहे. तरी मला ते पटत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते पाहावेत. दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती माणसांच्या हातातल्या वस्तूंची. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, ज्यांनी कुणाच्या तरी घरात पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. तो वापर पुसून टाकला तर त्या संग्रहात धातू आणि लाकूड तेवढं उरेल.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरची गोष्ट याहून जिव्हारी लागते. तिथल्या खटक्याच्या चाकूला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिलं. साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर तिथल्या सरकारने बंदी आणली आणि धंदा आक्रसत गेला. 2023 मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे 20 फुटांचा चाकू उभारला गेला. तोवर खरा रामपुरी घडवणारे हात मोजकेच उरले होते. कारागिरी जगवायची तर लोकांच्या खिशात आणि घरात त्या हत्याराला काम हवं. चौकातल्या स्मारकाने ते होत नाही.

खिशाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो. घरगुती, शेती वा उद्योगाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. घडीचा छोटा चाकू या मापात कुठेच येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात तेव्हा चाकू जवळ बाळगायलाच मनाई असते, आणि सणावाराला, निवडणुकीला असे आदेश आपल्याकडे निघतातच. कारखान्याच्या गेटवरही तो चालत नाही. आत खोकी उघडायला कटर मिळतो, ज्याचं टोक बोथट झालं की मोडून टाकायचं. 1956 साली ओसाकात निघालेली ही युक्ती खरोखर हुशारीची आहे, पॅकिंग लाइनवर तीच योग्य. पण धार लावण्याचं ज्ञान तिने हातातून काढून घेतलं.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहतो. भोसरी-चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये पॉवर हॅकसॉचं झिजलेलं ब्लेड घासून केलेला एखादा चाकू सापडेल. ते हायस्पीड स्टील असतं; ग्राइंडरवर मंद लाल झालं तरी त्याची कणखरी टिकते. त्या सवयीने आमची पोरं आजोबांचा चाकूही तशीच ग्राइंडरला लावतात. ठिणग्या उडतात, कडा क्षणात निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे साधं कार्बन पोलाद तिथे 300 अंशांच्या आसपास तापून नरम झालं. मग तो चाकू कितीही चमकला तरी धार धरत नाही. ती जागा घासून काढण्यावाचून उपाय नसतो, आणि तेवढं पातं कायमचं गेलं. ज्याचं उत्पादन बंद आहे त्याचं दुसरं पातं आणणार कुठून?

म्हणून सांगणं एवढंच. घरातल्या ट्रंकेत, देवघराच्या खणात, जुन्या हत्यारांच्या पेटीत असा चाकू असेल तर बाहेर काढा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, मगच हलकेच उघडा. घट्ट असेल तर पक्कड लावू नका. तांबडा गंज तेल लावून तांब्याच्या नाण्याने खरवडा, निळा-राखाडी रंग तसाच राहू द्या. धार बारीक ऑइल स्टोनवर, हाताने लावा. रिबिट ढिलं झालं असेल तर बेताने ठोकणारा जुना फिटर चाकण, भोसरी, आकुर्डीत अजून भेटतो. तो निवृत्त होण्याआधी त्याच्याकडे जा. आणि मग त्या चाकूने कांदा चिरा. काम झालं की पुसून, कोरडा करून मिटवा.