पाणी दबत नाही

2021 ची बकरी ईद 21 जुलैला होती. ईदचा दिवस पावसातच गेला आणि दुसऱ्या दिवशी, 22 जुलैच्या पहाटे, वाशिष्ठीचे पाणी आमच्या चिपळुणात शिरले. नात्यागोत्यात पाठवायचे कुर्बानीचे वाटे फ्रीजमध्येच राहिले. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. 2005 च्या पुराची खूण सासऱ्यांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवली होती. ‘याच्या वर पाणी येणार नाही,’ असे ते दर पावसाळ्यात सांगत. दुपारपर्यंत ती खूण पाण्याखाली गेली. सासरे काही बोलले नाहीत. तसबीह घेऊन बसून राहिले.

मी मात्र खिडकीतून अंगणात पाहत होते. तिथे माझी स्कूटर उभी होती. आधी चाके गेली, मग सीट, मग हँडल. शेवटी दोन आरसे तेवढे पाण्यावर राहिले, आणि तेही गेले.

ही स्कूटर म्हणजे काय, ते सांगायला हवे. उर्दू हायस्कूलमध्ये तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, मग कायम झाले. पहिल्या पूर्ण पगारातून हप्ता बांधून ही गाडी घेतली. पती कुवेतला. ‘रिक्षा आहे की, कशाला?’ असे घरात सगळ्यांनी विचारले. मोहल्ल्यात बुरखा सावरत स्कूटर चालवणारी मी पहिली नव्हते, पण तिसरी-चौथी नक्कीच होते. त्या वर्षी शाळा बंद होत्या, कितीतरी मुलांच्या घरी मोबाईल नव्हता. सरावाचे कागद सीटखाली ठेवून मी वाडी-वाडी फिरत होते. ही गाडी गेली असती, तर पुन्हा प्रत्येक कामाला कुणाला तरी विचारणे आले असते.

पाणी ओसरल्यावर स्कूटर शेजाऱ्यांच्या गडग्याला टेकून आडवी सापडली. चिखलाने एवढी भरली होती की रंग ओळखू येईना. धाकट्या दिरांनी दोन बादल्या पाणी ओतून ती उभी केली. मी ‘बिस्मिल्लाह’ म्हणून चावी लावली. बटण दाबणार, एवढ्यात गल्लीतून आवाज आला, “टीचर, थांबा!”

तो माझा जुना विद्यार्थी होता. 2016 साली नववीतून शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पान्यांची पिशवी.

“बटण दाबलं नाही ना?”

“नाही अजून.”

“मग इंजिन वाचलं म्हणायचं. आत पाणी असेल. हवा दबते टीचर, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.”

मी गप्प झाले. ठोस, माए आणि गैस हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवते. माए म्हणजे द्रव. त्याला दाबून त्याचे आकारमान कमी होत नाही, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! यानेही ते वहीत उतरवले असेल. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले होते, हेही आठवले.

त्याच्याकडे त्या दिवशी रांग होती. साऱ्या गावाच्या गाड्या बुडालेल्या. तो म्हणाला, “मी सांगतो तसं तुम्हीच करा. मी मधून मधून येतो.”

आधी बॅटरीची वायर काढली. मग प्लगपान्याने प्लग काढला आणि हळूहळू किक दिली. प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली, ओढणी भिजली. पाणी यायचे थांबेपर्यंत किक देत राहिले. नंतर खालचा नट सोडून इंजिन ऑईल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे. पाणी मिसळले की ऑईल असे होते आणि मग ते वंगणाच्या उपयोगाचे राहत नाही. एअर फिल्टरचा कागद लगदा झाला होता, तो टाकून दिला. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तेव्हा आधी पाणी आले आणि मग पेट्रोल. पाणी जड, म्हणून ते खाली बसते. टाकीही रिकामी करावी लागली. सायलेन्सर उतरवून उलटा धरला, तर त्यातून अर्धी बादली चिखल निघाला. वायरींचे जोड एकेक सोडून कापडाने पुसले. वीज नव्हती, म्हणून दोन दिवस सगळे वाऱ्यावर वाळत ठेवले.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते : सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. हा मुलगा नेमके तेच करत होता. आधी पाणी, मग ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. एक गोष्ट नक्की झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. ‘गाडी बिघडली’ असे तो एकदाही म्हणाला नाही. ‘कुठं अडलंय ते बघू’ एवढेच म्हणायचा. वर्गात मी नेमके उलटे करत होते. मूल अडले की ‘कमजोर’ असा शेरा मारून पुढच्या धड्याला लागत होते.

चौथ्या दिवशी नवे ऑईल, नवा प्लग, नवा फिल्टर. बारा-तेरा किक झाल्या. मग एक खोकला, पांढरी वाफ, आणि गाडी सुरू झाली. सासूबाई वरून म्हणाल्या, “अल्हम्दुलिल्लाह!” त्याने लगेच बंद करायला लावली. “हे ऑईल धुण्यापुरतं. परत बदलायचं.”

पैसे त्याने रीतसर घेतले, मीही घासाघीस केली नाही. निघताना मी विचारले, “शाळा का सोडलीस रे?”

“अब्बांचा पाय मोडला होता. तुम्ही आला होता की घरी एकदा.”

एकदा. ते खरे होते. दुसऱ्यांदा मी गेलेच नव्हते.

त्याला मी सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितले. शाळेत न येता दहावीला बसता येते. तो हसला. “बघू टीचर, सीझन संपू दे.” तो सीझन अजून संपलेला नाही. दर सर्व्हिसिंगला मी विचारते, तो दर वेळी हसतो. मीही पुन्हा जोर करत नाही. पण फॉर्मची माहिती लिहिलेला कागद सीटखालच्या डिकीत कायम असतो.

आता वर्गातले एखादे मूल सलग तीन दिवस दिसले नाही, की चौथ्या दिवशी सुट्टीनंतर मी स्कूटर त्याच्या घराकडे वळवते. दुसऱ्यांदाही जाते.