ताळा

माझे वडील तालुक्याच्या गांवीं एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. संध्याकाळीं घरीं आले कीं ते माझी गणिताची वही मागून घेत, आणि उत्तर बरोबर आहे कीं चूक हें पाहण्याआधीं एकच प्रश्न विचारीत, "ताळा पाहिलास का?" उत्तर बरोबर असूनहि ताळा पाहिलेला नसला, तर त्यांच्या लेखीं तें गणित अपुरेंच राही. ४३ गुणिले २६ म्हणजे १११८ एवढें लिहून माझी सुटका होत नसे. ४ आणि ३ मिळून ७, २ आणि ६ मिळून ८. सात आठे छप्पन्न, ५ आणि ६ अकरा, म्हणजे २. इकडे १११८ च्या अंकांची बेरीज अकरा, म्हणजे पुन्हां २. असे दोन्हीकडचे शेष जुळले म्हणजे मगच ते वही मिटीत.

एके दिवशीं घाईघाईनें मीं १११८ च्या जागीं ११८१ लिहिलें. ताळा अर्थातच जमला, आणि मीं मोठ्या दिमाखानें वही पुढें केली. वडिलांनीं अंकांवरून बोट फिरविलें, चूक दाखविली, आणि म्हणाले, "ताळा खोटं बोलत नाहीं रे, पण तूं त्याला जेवढं दाखवशील तेवढंच तो पाहतो." अंकांची नुसती बेरीज पाहणाऱ्याला अंकांची अदलाबदल दिसत नाहीं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ मीं तेव्हां घेतला. उरलेला अर्थ कळावयास पुढें साठ वर्षें जावीं लागलीं.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणे. गांवांत पिठाची गिरणी आली तरी सणावाराचें दळण ती घरींच दळी, आणि दळतांना तिच्या तोंडून ओवीमागून ओवी निघे. लिहितां-वाचतां तिला येत नव्हतें. त्या ओव्यांची वही म्हणजे ती स्वतःच. १९८७ च्या उन्हाळ्यांत मीं एक टेपरेकॉर्डर उसना आणला, जात्याशेजारीं ठेवला, आणि सात कॅसेटी भरल्या: चौदा बाजू, प्रत्येक बाजू पाऊण तासाची. पुढें दोन वर्षांनीं आई गेली. फिती झिजूं लागल्या तेव्हां, २००९ सालीं, माझ्या मुलीनें त्या चौदा बाजूंच्या चौदा फाइली करून एका हार्ड डिस्कवर ठेवून दिल्या. कॅसेटी त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीनें गेल्या. गेल्या वैशाखांत ती डिस्कहि चालतांना खरखर करूं लागली. मीं नवी डिस्क आणली, एका दुपारीं चौदाहि फाइली तिच्यावर उतरविल्या, आणि जुनी पुसून भंगारांत द्यावयाचें ठरविलें. पण दिवाणजींचा मुलगा ताळा पाहिल्यावांचून वही मिटणार कशी?

संगणकाच्या शास्त्रांतहि ताळा आहे. फाइल गाण्याची असो, चित्राची असो कीं पत्राची असो, शेवटीं ती बाइटांची, म्हणजे ० पासून २५५ पर्यंतच्या अंकांची, एक लांबच लांब रांग असते. त्या सबंध रांगेवर ठराविक रीतीनें गणित करून एक लहानसा आंकडा काढावयाचा; मूळ आणि नक्कल ह्यांचे आंकडे जुळले तर नक्कल शुद्ध समजावयाची. रॉनल्ड रिव्हेस्ट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९१ सालीं बसविलेली एमडी-५ ही रीत पुष्कळ वर्षें जगभर चालली. २००४ सालीं शियाओयुन वांग ह्या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दोन निरनिराळ्या मजकुरांचा एकच ताळा काढून दाखविला, आणि लबाडी ओळखण्याच्या कामीं त्या रीतीची पत गेली. माझ्या ११८१ चीच ती थोर आवृत्ति म्हणावयाची. अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २००२ सालीं मानक म्हणून जाहीर केलेली शा-२५६ ही रीत मात्र टिकून आहे. दहा अंक आणि सहा अक्षरें मिळून सोळा चिन्हें घ्यावयाचीं, आणि त्यांतून ६४ चिन्हांचा ताळा लिहावयाचा, अशी तिची पद्धत. फाइलींतला एक बाइट बदलला तरी ताळ्याचा सारा चेहरा बदलतो. आणि असे निरनिराळे ताळे इतके संभवतात कीं त्यांची संख्या लिहावयास ७८ अंक लागतात.

निवृत्तीनंतर हौस म्हणून मी जावा ही संगणकभाषा शिकलों होतों. ताळा काढण्याची तयार आज्ञा संगणकांत असते हें ठाऊक असूनहि, आईच्या ओव्यांचा ताळा आपण आपल्या हातानें काढावा असें मनांत आलें. फाइल मोठी असली म्हणजे ती सगळी एकदम घेत नाहींत. एक पाटी घ्यावी, तींत मावेल तेवढें उतरून घ्यावें, तें ताळ्याच्या हवालीं करावें, आणि पाटी पुन्हां भरावी, असा रिवाज आहे. माझी पाटी ८,१९२ बाइटांची होती. प्रोग्राम लिहून झाल्यावर मीं 'एबीसी' ह्या तीन अक्षरांची एक फाइल करून पाहिली. ह्या अक्षरांचा ताळा मानकाच्या पुस्तिकेंतच उदाहरणादाखल छापलेला होता; माझा ताळा त्याच्याशीं तंतोतंत जुळला. मग दोन्ही डिस्कांवर प्रोग्राम चालविला. चौदाच्या चौदा ताळे जमले. मीं बंगळूरला मुलीला फोन केला आणि सांगितलें, "ताळे जमले. जुनी डिस्क आजच पुसून टाकतो."

"किती वेळ लागला, बाबा?"

"वेळ कसला? कळ दाबली न दाबली तोंच झालं."

पलीकडे क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "साडेदहा तासांच्या ओव्या, त्याहि दोनदां, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोंच वाचून झाल्या? बाबा, थांबा. कांहीं पुसूं नका."

तिचा संशय खरा ठरला. मीं पाटी एकदांच भरली होती. ती पुन्हां पुन्हां भरावयास सांगण्याचें विसरलों होतों. तीन अक्षरें एका पाटींत सहज मावतात, म्हणून परीक्षेच्या वेळीं माझी चूक दडून राहिली. आईची एकेक फाइल मात्र सुमारें २३ कोटि ८० लक्ष बाइटांची. चौदा फाइलींच्या सुमारें ३३३ कोटि बाइटांपैकीं माझ्या प्रोग्रामनें पाहिले होते अवघे १,१४,६८८. एका पाटींत मावणारा आवाज म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्साहि नव्हे. आईनें घसा साफ करण्यापूर्वींची फितीची सूं सूं तेवढी त्यानें चौदा वेळां ऐकली, आणि दोन्हीकडची सूं सूं सारखी आहे असा निर्वाळा दिला. निर्वाळा खोटा नव्हता. मीं त्याचा अर्थ खोटा केला होता.

मीं चूक दुरुस्त केली. फाइल संपेपर्यंत पाटी भरीत राहावें, अशी आज्ञा घातली. ह्या वेळीं प्रोग्रामला पुष्कळ मिनिटें लागलीं, आणि त्या विलंबाचेंच मला समाधान वाटलें. परंतु आतां स्वतःवर तितकासा भरंवसा उरला नव्हता, म्हणून जुन्या डिस्कवर तयार आज्ञाहि चालवून पाहिली. तिचे चौदा ताळे आणि माझे चौदा ताळे ह्यांत एकहि जोडी जुळेना. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तयार आज्ञाच चुकत असावी, असाहि एक अहंकारी विचार मनाला शिवून गेला, हें कबूल केलें पाहिजे.

सकाळीं उमगलें. जावामधली वाचण्याची क्रिया दर खेपेस एक आंकडा परत देते: ह्या वेळीं पाटीवर किती बाइट उतरले तो. फाइल संपली कीं ती उणें एक देते. मीं त्या आंकड्यावरून फाइल संपली कीं नाहीं एवढेंच पाहत होतों, आणि दर खेपेस सबंध पाटी ताळ्याच्या पुढें करीत होतों. शेवटच्या खेपेस पाटी पुरती भरत नाहीं. वरच्या कांहीं ओळी नव्या येतात, आणि खालीं मागच्या खेपेचीं न पुसलेलीं अक्षरें तशींच राहतात. तीं शिळीं अक्षरेंहि माझा प्रोग्राम आईचीं म्हणून मोजीत होता. पहिल्या प्रोग्रामांत तो आंकडा मीं नीट वापरला होता. नव्यांत तो हातचा सुटला. 'एबीसी'ची परीक्षा पुन्हां घेतली असती तर चूक तत्काळ उघडी पडली असती. पण काल उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची परीक्षा आज पुन्हां कशाला, असें मीं, जन्मभर परीक्षा घेत आलेल्या शिक्षकानें, म्हटलें होतें!

एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां तींत कोणीं आपल्या पदरची ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें, हें आपण सर्वजण शाळेंत शिकलों आहों. पदरचें घालणारा मनुष्य बुद्ध्याच तसें करतो, अशी माझी समजूत होती. वास्तविक न पुसलेल्या पाटीवरूनहि पदरचें आंत शिरतें, आणि घालणाऱ्याला त्याचा पत्ताहि नसतो.

किती बाइट आले तेवढेच पुढें करावे, अशी दुरुस्ती केल्यावर तेरा ताळे तयार आज्ञेच्या ताळ्यांशीं जुळले. एक मात्र जुळेना. मोजून पाहिला तों तो ६३ चिन्हांचाच भरला. ताळ्याचे बाइट मीं आधीं एका प्रचंड संख्येंत रूपांतरित केले होते, आणि मग ती संख्या छापली होती. त्या फाइलीच्या ताळ्याचें पहिलें चिन्ह शून्य होतें, आणि संख्येच्या डावीकडचें शून्य कोणी छापीत नाहीं. ०७ म्हणजे ७ च, असें मीं वर्गावर्गांतून ओरडून सांगत आलों. पण ताळा ही संख्या नव्हे, खूण आहे. आणि खुणेमध्यें शून्यालाहि आपली जागा असते. ती त्याला परत दिली, आणि चौदाहि ताळे जमले.

हें झालें जुन्या डिस्कचें. आतां हाच प्रोग्राम नव्या डिस्कवर चालविला. 'एबीसी'ची परीक्षा ह्या खेपेस न चुकतां घेतली होती. तेरा फाइली जुळल्या. अकरावी जुळली नाहीं.

पुन्हां चालविला, पुन्हां तेंच. तयार आज्ञेलाहि विचारलें. तिनेंहि तेंच सांगितलें. तेव्हां आठवण झाली, कीं त्या दुपारीं फाइली उतरत असतांना वळवाच्या सरीनें वीज गेली होती. ती परत आली तेव्हां नव्या डिस्कवर अकरावी फाइल पूर्ण आकाराची दिसली, म्हणून मी बारावीपासून पुढें निघालों होतों. नक्कल करतांना संगणक पुष्कळदां फाइलीची जागा आधींच पुरती अडवून ठेवतो, आणि मग ती भरीत जातो. येथें जागा अडविली गेली होती, पण भरण्यापूर्वींच वीज गेली. आकार बरोबर होता, आरंभ बरोबर होता. शेवटच्या सहा मिनिटांत बाइटांच्या जागीं नुसतीं शून्यें होतीं. ऐकावयास गेलें तर जातें नाहीं, बांगड्या नाहींत, कोणाचा आवाज नाहीं. माझ्या पहिल्या ताळ्यावर विसंबून जुनी डिस्क पुसली असती, तर तीं सहा मिनिटें जगांत कोठेंहि उरलीं नसतीं, आणि तीं गेलीं आहेत हेंहि मला बहुधा कळलें नसतें.

जुन्या डिस्कवर तीं शाबूत होतीं. मी ऐकावयास बसलों. तीन ओव्या झाल्या, दळण संपलें, जात्याची घरघर थांबली. आईनें पीठ भरून घेतलें असावें. सुपाचा आवाज येतो. मग ती विचारते, "अरे, सगळं आलं का त्यांत?" आणि एक तरुण, उतावळा आवाज, जो माझाच आहे हें ओळखावयास मला क्षणभर लागला, उत्तर देतो, "आलं, आई. सगळं आलं."

ताळा न पाहतां दिलेलें तें उत्तर त्या दिवशीं खरें होतें, तें केवळ दैवानें. तें खरें राहावें म्हणून आतां मला दरसाल तें तपासून पाहणें भाग आहे. अकरावी फाइल मीं पुन्हां उतरविली, तिचा ताळा जमला, आणि मुलीकडे बंगळूरला तिसरी प्रत पाठविली. ६४-६४ चिन्हांचे ते चौदा ताळे मीं एका वहींत हातानें लिहून ठेविले आहेत. वडिलांच्या पेढीवर दिवाळींतल्या पाडव्याला वहीपूजन होई. त्याच दिवशीं दरवर्षीं तिन्ही प्रतींचे ताळे काढून त्या वहीशीं ताडून पाहावयाचे, असें आम्ही बापलेकींनीं ठरविलें आहे. ह्या कामाला जवळजवळ अर्धा तास लागतो. तो कमी लागला, तर मी प्रथम प्रोग्राम तपासावयास बसेन.