कोल्हापुरा, पांढरा सांभाळ

प्रिय कोल्हापूर,

पत्रास कारण की, तुझ्या नावावर देशभर काहीही खपवलं जातंय. दिल्ली असो नाहीतर बंगळूर, कुठल्याही हॉटेलाचं मेनूकार्ड उघडलं की 'व्हेज कोल्हापुरी' हजर. तीच कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, त्यात गाजर, फरसबी, फ्लॉवर, वरून दोन तळलेल्या सुक्या मिरच्या. हे खाऊन ज्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलेलं असतं, तीच मंडळी सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला येतात आणि ताटावर बसायच्या आधीच धास्तावून विचारतात, "तिखट जरा कमी मिळेल का?"

त्यांना कुठे न्यायचं आणि काय वाढायचं, हे बाहेरच्यांनी ठरवायच्या आत तू ठरव. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जाळ कुणालाही करता येतो, त्याला मिरची पुरते. तुझं कसब आहे ते तिखटाचा उतारा त्याच ताटात वाढण्यात.

मटणाचं ताटच घे. मटण आधी आलं-लसूण आणि मीठ लावून शिजवतात. त्याचं जे पाणी सुटतं ते अळणी. घरी मटणाचा बेत असला की पोराबाळांना पहिली वाटी याचीच. मग या एकाच अळणीच्या दोन वाटा होतात. एका पातेल्यात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण आणि घरची चटणी पडते, तो तांबडा रस्सा. दुसऱ्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, तुपावर परतलेली लवंग, मिरी, वेलदोडा, दालचिनी आणि शेवटी नारळाचं दूध, तो पांढरा. यात हळद नाही, लाल तिखटाचा कणही नाही. नारळाचं दूध घातल्यावर आच मंद करून पळी हलवत राहावं लागतं. खळखळून उकळी आली की रस्सा फुटलाच. सुक्क्या मटणाने आणि तांबड्याने जीभ पेटली की पांढऱ्याची वाटी तोंडाला लावायची आणि पुन्हा भाकरीकडे वळायचं. त्यात भात आजऱ्याच्या घनसाळचा असेल, तर पांढऱ्याला त्याच्यासारखा जोडीदार नाही.

तांबड्याचा रंग बघून पाहुणा बिचकतो, तेव्हा त्याला चटणीची गोष्ट सांग. उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, सोबत कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला. सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. त्या दिवसांत गल्लीत शिरलं तरी शिंक येते. ताटातला लालभडकपणा बराचसा ब्याडगीचा असतो, आणि ब्याडगी रंगाच्या मानाने सौम्य असते. हे कळलं की अर्धी भीती तिथेच उतरते.

आता तक्रार. हल्ली हायवेच्या कडेला 'अस्सल कोल्हापुरी' पाट्या लावून मोठमोठी हॉटेलं उभी राहिली आहेत. चारजणांनी मिळून संपवायची परातीएवढी थाळी, अनलिमिटेड रस्सा, फोटोसाठी बैलगाडीचं चाक. अशा एका ठिकाणी मला वाढलेला पांढरा कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलेला होता. चमच्याला खळीसारखा चिकटत होता. तांबड्यावर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली नुसतं तिखट पाणी. अनलिमिटेड म्हटलं की खसखस आणि नारळाचं दूध परवडत नाही, हा साधा हिशेब आहे. पहिला बळी जातो तो पांढऱ्याचा, कारण नवख्या पाहुण्याला तो कसा असावा हे ठाऊकच नसतं. म्हणून त्याला पेठेतल्या एखाद्या खानावळीत पाठव. तिथे चार-पाचच पदार्थ असतात आणि संपलं की 'संपलं' म्हणून सांगतात.

सकाळचा पाहुणा मात्र मिसळीला ने. उद्यमनगरात फडतरे, महाद्वार रोडला चोरगे, खासबाग, कसबा बावडा. प्रत्येक कोल्हापूरकराचं आपलं एक ठिकाण ठरलेलं असतं आणि दुसऱ्याचं त्याला मान्य नसतं. या भांडणात तू पडू नकोस. उद्यमनगर म्हणजे लेथ आणि फाउंड्रीचा भाग. तिथे मिसळीला बसलेल्यांत हाताला ऑइल लागलेला मिस्त्री असतो आणि मुंबईहून गाडी करून आलेलं कुटुंबही. पाहुण्याला एवढंच सांग की इथे पाव मागू नये. मिसळीसोबत स्लाइस ब्रेड येतो, आणि तो मिसळीवरचा तिखट कट जसा पितो तसा पाव पीत नाही. मटकी, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कांदा, वरून कट आणि लिंबू. कट जास्त झाला तर शेजारी दही असतंच. उतारा इथेही आहे.

खरा उतारा बघायचा तर संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो, ग्लास काठोकाठ फेसाने भरतो आणि कोमट दूध हातात देतो. पिणाऱ्याच्या ओठावर पांढरी मिशी उमटते आणि ती पुसायची घाई कुणालाच नसते. मोटारसायकल बंद न करता दोन ग्लास रिचवून जाणारे असतात, नातवाला घेऊन आलेले आजोबा असतात. तालमींच्या या गावात दूध हा खुराक आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभारलं, त्याआधीपासून इथला पैलवान दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर पोसला गेला आहे. पुढे 1963 मध्ये जिल्हा दूध संघ झाला आणि 'गोकुळ' हे नाव मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात पोचलं. एवढं दूध पिणाऱ्या गावाला लोकांनी मिरचीचं गाव ठरवावं, याची गंमत वाटते. खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ खाऊन मग कट्ट्यावर जावं, हा क्रम मला सगळ्यात पटतो.

बाहेर खाण्याच्या तुझ्या इतिहासातला एक पत्ता मात्र पाहुण्यांच्या यादीत सहसा नसतो. शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे अस्पृश्य मानलेल्या समाजातले. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं. मग तिथे स्वतः गाडी थांबवून चहा घ्यायचा आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचा, हा त्यांचा शिरस्ता. कायद्याने जे घडायला वेळ लागला असता, ते त्यांनी कपबशीने सुरू केलं. मिसळीची ठिकाणं दाखवणाऱ्या प्रत्येकाने या जागेवरही दोन मिनिटं थांबावं, एवढी व्यवस्था तू करच.

वेशीबाहेर पडलं की तुझं ताट आणखी मोठं होतं. पन्हाळा वीसेक किलोमीटर. गडावर झुणका, भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही. वाऱ्यात बसून खाल्लं की दोन भाकऱ्या जास्त जातात. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन झालं की बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. वाटेत जयसिंगपूरची भडंग बांधून घ्यावी, गाडीत पुरते. थंडीत आलेल्याला मात्र आधी गुऱ्हाळावर ने. काहिलीत रस आटत असतो, फेस काढून टाकला जातो, आणि गूळ होण्याआधीची गरम काकवी वाटीत मिळते. तुझ्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कागद चाटून चव कळत नाही, त्याला काकवीच लागते.

तर मागणी मोठी नाही. अनलिमिटेडची पाटी लावणाऱ्यांशी स्पर्धा करू नकोस. ताट लहान राहू दे, रस्सा खरा राहू दे. पांढऱ्यात कॉर्नफ्लॉवर घालणाऱ्याला तुझ्या माणसांनीच तोंडावर विचारावं. ते विचारू शकतात. 2019 च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा तुझ्या पेठा आंदोलनाला उभ्या राहिल्या होत्या, कृती समित्या झाल्या होत्या. दरासाठी जे गाव रस्त्यावर येतं, त्याने चवीसाठी निदान काउंटरपर्यंत तरी यावं.

कळावे, लोभ असावाच.

तुझा,
दोन वाट्या पांढरा मागणारा एक पाहुणा

ता. क. पाहुण्यांना आधीच कळव की मटणाचा बेत बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी करावा. सोमवारी मटणाशिवाय जेवून 'कोल्हापूर काही एवढं नाही' असं म्हणणाऱ्यांना उत्तर देऊन आम्ही दमलो आहोत.