केसांचे गळणे आणि विरळ होणे

केस गळणे आणि केस विरळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक काळजी त्या एकच मानल्यामुळे होते. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, मग वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. या हिशेबाने दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण. गळलेल्या केसाच्या टोकाशी बारीक पांढरी गाठ दिसते, ती पाहून केस मुळासकट गेला असे वाटते. खरे मूळ त्वचेतच शाबूत असते.

हे गळणे वर्षभर सारखे नसते. इंग्लंडमधील शेफील्डच्या पुरुषांवरील १९९१ च्या अभ्यासात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिवाळ्याच्या दुपटीहून अधिक केस गळताना आढळले. हे मोजमाप थंड प्रदेशातले आहे; आपल्याकडच्या पावसाळ्याला ते महिने जसेच्या तसे लावू नयेत. ऋतूची गळती डोकेभर सारखी असते आणि काही आठवड्यांत ओसरते.

डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून झटपट घटवलेले वजन यांनंतरही केस गळतात, पण दोन-तीन महिन्यांनी. तोवर आजार विसरला गेलेला असतो आणि दोष नव्या तेलाला किंवा बोअरच्या पाण्याला दिला जातो. म्हणून पुंजका हातात आला की मागचे तीन महिने आठवावेत. कारण दूर झाले की ही गळतीही बहुधा सहा महिन्यांत थांबते.

केस विरळ होत पडणारे टक्कल मात्र गाजावाजा न करता येते. त्यात फणीत फारसे केस येत नाहीत. केस आनुवंशिक कलामुळे दरवेळी अधिक बारीक उगवतात. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळूवरचे केस कमी होतात. स्त्रियांत भांग रुंदावतो. त्यामुळे फणीतले केस मोजण्यापेक्षा त्याच उजेडात दर दोन महिन्यांनी भांगाचा फोटो काढणे जास्त उपयोगी.

चाईसारखा गुळगुळीत चट्टा पडला, टाळूला खाज-खपल्या आल्या, गळती सहा महिन्यांहून लांबली किंवा थकवा आणि पाळीच्या तक्रारी सोबत असल्या, तर तेले बदलत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, थायरॉइड आणि शरीरातील लोह तपासून घ्यावे.