दहा टँकर पाणी आणि एक कॅप्सूल

एक लाख लिटर! गजकर्णावर डॉक्टर इट्राकोनॅझोलची जी १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून देतात ना, तिच्यातलं औषध साध्या पाण्यात पुरतं विरघळवायचं म्हटलं तर अंदाजे एवढं पाणी लागेल. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत येतात तसले दहा हजारी टँकर, दहा! आणि माणसं ती पेलाभर पाण्याबरोबर गिळतात आणि बरी होतात. कशी काय? हा भुंगा माझ्या डोक्यात भाचीने सोडला. ती पुण्यात एम.फार्म. करते, आणि पाण्याला दाद न देणारी औषधं पॉलिमरमध्ये घालून दिली की कशी विरघळतात, हाच तिचा प्रोजेक्ट. मी तिची लॅब बघून आले आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. घरच्यांनी माझ्यापुढे औषधाचं नाव काढणं सोडलंय.

आधी तिने एक कॅप्सूल उघडून काचेवर रिकामी केली. पावडर नाहीच! जेमतेम मिलिमीटरभराचे गोल दाणे घरंगळत बाहेर आले. प्रत्येक दाण्याच्या पोटात साखर, आणि साखरेवर औषध व एचपीएमसी नावाचं पॉलिमर यांचा एकजीव थर. (हे एचपीएमसी लाकडाच्या नाहीतर कापसाच्या सेल्युलोजपासून करतात, आणि डोळे कोरडे पडले की घालायच्या कित्येक थेंबांतही तेच असतं. मी घरी येऊन बाटलीवरचं वाचलं. आहे!) बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीचं मूळ औषध असंच बनलेलं. औषध आणि पॉलिमर एकाच द्रावकात विरघळवायचे, दाण्यांवर फवारायचे आणि झटकन वाळवायचे. इतकं झटकन, की औषधाच्या रेणूंना रांगा लावून स्फटिक व्हायला सवडच मिळू नये. जो जिथे असेल तो तिथेच पॉलिमरमध्ये अडकला.

खडीसाखर आणि जत्रेतले म्हातारीचे केस आठवा. दोन्ही साखरच. खडा चघळत बसावं लागतं. केस जिभेवर ठेवले की गायब. ते बारीक असतात हे झालंच, पण शिवाय त्यांच्यातल्या साखरेत स्फटिकाची रचनाच नसते, त्यामुळे पाण्याला आधी ती मोडत बसावं लागत नाही. आणि पावसाळी हवेत उघडे ठेवले तर? ओल धरतात, चिकट होतात, आक्रसतात, आणि साखर पुन्हा दाणे धरते. औषधाचंही अगदी हेच! ओल शिरली की अडकलेले रेणू हलायला लागतात आणि परत रांगेत जाऊन बसतात. अशा कित्येक गोळ्या दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पाकिटात का येतात, ते मला आत्ता कळलं.

मग यंत्र. डिसोल्यूशन टेस्टर म्हणजे गोल बुडाची काचेची भांडी, ३७ अंशांच्या पाण्यात बसवलेली. प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव आणि वरून सोडलेलं एकेक पॅडल मिनिटाला ७५ फेरे मारतंय. "मावशी, टेबलाला टेकू नकोस, हादऱ्यानेसुद्धा आकडे बदलतात!" द्रव म्हणजे पातळ आम्ल, पोटातल्यासारखं. एका भांड्यात औषधाची नुसती पावडर, शेजारच्यात ते दाणे. पावडर वर तरंगतेय, काचेला चिकटतेय, बाकी ढिम्म. बरोबरच आहे, कारण या औषधाचे स्फटिक आम्लातही मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅमच्या आसपासच विरघळतात. म्हणजे अख्ख्या भांड्यात साडेतीन-चार मिलिग्रॅम. शंभरातले चार! आणि दाण्यांच्या भांड्यातून ती सिरिंजने सॅम्पल काढतेय, गाळतेय, यूव्हीला लावतेय, तर चार केव्हाच मागे पडले. दहा, वीस, चाळीस...

हे चालतं कसं? १८९७ साली बोस्टनच्या एमआयटीत नॉयस आणि व्हिटनी यांनी बेंझोइक ॲसिडच्या आणि लेड क्लोराइडच्या कांड्या पाण्यात फिरवून नियम काढला होता की पाणी संपृक्त होत जाईल तसतसा विरघळण्याचा वेग कमी होतो. नियम आजही शाबूत आहे. पण ती संपृक्ततेची मर्यादा स्फटिकाची! स्फटिकच नसेल तर छतच वर सरकतं. जपानमध्ये सेकिगुची आणि ओबी यांनी १९६१ मध्ये सल्फाथायझोल युरियाबरोबर वितळवून थिजवलं, तिथून या वाटेवरची वर्दळ सुरू झाली.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. "आता पोटातून आतड्यात जाऊ," असं म्हणून तिने बफर ओतला. पीएच ६.८. तिथे आम्ल नाही, म्हणजे औषधाचा आधारच गेला. तुलनेसाठी आणखी एका भांड्यात तिने पॉलिमरशिवाय, दुसऱ्या द्रावकात आधीच विरघळवलेलं औषध थेंबथेंब सोडलं. क्षणात दुधी ढग, आणि बघता बघता तळाला साका. पॉलिमरवाल्या भांड्यात दुधी झाक आली खरी, पण साका काही बसेना! आलेखावर पहिली रेघ उसळते आणि कोसळते. दुसरी तितकीच उसळते, पण तरंगत, रेंगाळत खाली येते. या क्षेत्रातली माणसं याला स्प्रिंग आणि पॅराशूट म्हणतात. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या नुकत्याच जन्मणाऱ्या स्फटिकांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांना वाढूच देत नाहीत. विरघळवणं सोपं हो, विरघळलेलं टिकवणं महाकठीण! आतड्याला शोषून घ्यायला तासा-दोन तासांची उसंत मिळाली की काम झालं.

त्या दुधी झाकेचं मात्र मला अजून नवल वाटतंय. ते स्फटिक नव्हेत. औषधाने गच्च भरलेले अतिसूक्ष्म थेंब आहेत ते, इतके बारीक की नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनही पार होतात. म्हणजे गाळलेल्या सॅम्पलमधलं सगळं औषध 'विरघळलेलं' धरलंत तर फसलात. पण हे थेंब वाया गेलेले नसतात. आतड्याने विरघळलेले रेणू उचलले की थेंबांतून नवे रेणू पाण्यात येतात, चालतंबोलतं कोठारच ते! मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

हे नुसतं लॅबमधलं कौतुक नाही हं. १९९६ मध्ये ॲबट कंपनीने एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर कॅप्सूलमध्ये आणलं, आणि १९९८ मध्ये काही लॉट याच डिसोल्यूशन चाचणीत नापास व्हायला लागले. आत निघाले स्फटिक. रेणू तोच, पण रचना आधी कुणी न पाहिलेली, जास्त स्थिर आणि कितीतरी कमी विरघळणारी. कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. २००५ मध्ये लोपिनाव्हिर आणि रिटोनाव्हिर यांची एकत्र गोळी आली, तिच्यात दोन्ही औषधं कोपोव्हिडोन या पॉलिमरबरोबर तापवून, मळून, यंत्रातून दाबून काढलेली. जखमेवर लावतो त्या पोव्हिडोन-आयोडिनमधल्या पोव्हिडोनच्या घराण्यातलंच हे. याच जोडीची आधीची कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवावी लागे, गोळीला फ्रिज नको. शिवाय रोजच्या सहा कॅप्सूलच्या जागी चार गोळ्या. जिथे विजेचाच भरवसा नाही, तिथल्या रुग्णाला याची किंमत विचारा.

मग पॉलिमर एवढं गुणाचं, तर त्यात औषध ठासून भरा ना, गोळी आणखी लहान होईल! तिथेच तर मेख आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लिन टेलर यांच्या गटाने रिटोनाव्हिर आणि कोपोव्हिडोनवर दाखवून दिलंय की औषधाचं प्रमाण बेताचं असलं तर दोघं एकाच वेगाने बाहेर पडतात. एका मर्यादेच्या जरा पुढे गेलात की पॉलिमर एकटंच निसटतं आणि मागे औषधाचा हट्टी थर उरतो. हा उतार नव्हेच, थेट कडा आहे. आणि प्रत्येक जोडीचा कडा वेगळा! भाचीच्या जोडीचा कुठे आहे, ते पुस्तकात शोधून सापडणार नाही, भांड्यातच बघावं लागणार. वीस टक्क्यांचा नमुना मस्त सुटला, पंचवीसचाही. तिसाचा आज दुपारी लागलाय, आणि मी तिला सारखे मेसेज टाकतेय.