परसबागेतली मेथी

आज पोषण आहाराच्या खिचडीत आमच्याच परसबागेतली मेथी पडली. एरवी भाजी ताटाच्या कडेला सारणारी तिसरीची मुलं आज आपण पेरलेली पानं शोधून शोधून खात होती. फार बरं वाटलं.

हात धुण्याच्या नळाचं पाणी पूर्वी व्हरांड्यापुढे चिखल करायचं. आता चरातून अळू आणि केळीकडे जातं. चर तुंबला की मुलंच काटकीने मोकळा करतात. खरकटं, पालापाचोळा खड्ड्यात, वर मातीचा थर. ओल कमी पडली की कुजत नाही, जास्त झाली की घाण वास सुटतो, हे त्यांना आता नाकानेच कळतं.

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच बजावलं. परिसर अभ्यासाचं पुस्तक चांगलंच आहे, पण नुसत्या पाठांतराने काही रुजत नाही, हे माझं ठाम मत. पावसाळ्यात रोपं लावायला सगळेच येतात. कस लागतो तो मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना. म्हणून यंदा पाण्याच्या पाळ्या आत्ताच ठरवल्या. शेवगा चौथीतल्या एका मुलीने मागूनच घेतला. तिच्या घरची विहीर कुंपणाला लागून आहे.